नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेची एक मोठी गंमत आहे. मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी आपण त्याचे नाव ठेवतो. आणि तेच मूल मोठे होऊन आपल्या मनासारखे वागेनासे झाले की त्याला नावे ठेवतो. एका मात्रेचा काय तो फरक! पहिल्या कृतीत पाळणा, कुंची, घुगऱ्या आणि आत्याबाईंचा मान. दुसरीत ओटीवरची कुजबुज. पण दोन्ही कृती करणारी माणसे तीच, आणि बहुधा घरही तेच. ज्याला नाव देण्याचा अधिकार आपण घेतला, त्याला दोष देण्याचाही अधिकार आपोआप आपल्याकडे आला, असे आपण गृहीत धरून चालतो.

शेतीच्या भाषेत याच गमतीचे दुसरे रूप आढळते. पिकातले तण काढण्याच्या कामाला कुठे खुरपणी म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडे भांगलण म्हणतात, कोकणात बेणणी म्हणतात. आणि वऱ्हाड-खानदेशात निंदणी म्हणतात. निंदणे म्हणजे तण काढणे, आणि निंदणे म्हणजे दोष देणे. शब्द एकच. एक काम हातांनी होते, दुसरे जिभेने. पण कानाला दोन्ही सारखीच लागतात. या दोन निंदण्यांमध्ये खरोखर काही नाते आहे काय, हा माझ्या आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम तण म्हणजे काय ते पाहू. काळ्या रानात हरळी शिरली की शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळते. नांगराने तिची मुळे तोडावीत, तर तुटलेल्या प्रत्येक पेराला नवा फुटवा येतो. हरळी आणि कुंदा यांनी रान खाल्ले, हे गाऱ्हाणे आपल्या खेड्यांत पिढ्यान्पिढ्या ऐकू येत आले आहे. पण भाद्रपदातल्या चतुर्थीला तोच शेतकरी पहाटे उठून बांधावर जातो, कोवळ्या त्रिदळी निवडून निवडून खुडतो, त्यांची एकवीस दळांची जुडी बांधतो आणि गणपतीच्या मस्तकावर वाहतो. तेव्हा त्या हरळीचे नाव दूर्वा असते. वनस्पती तीच, माती तीच. बांधाच्या एका अंगाला ती वैरीण आणि दुसऱ्या अंगाला ती देवाला प्रिय.

ऐन दिवाळीतलेच उदाहरण घ्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान चालू असताना आघाडा आणि टाकळा यांच्या फांद्या अंगावरून फिरवण्याची चाल आपल्या धर्मग्रंथांनी सांगितली आहे, आणि काही घरांतून ती अजून पाळली जाते. आघाडा हा कपड्यांना चिकटणारा रस्त्याकडेचा उपद्रवी. टाकळा हा पहिल्या पावसाबरोबर उकिरड्यावर माजणारा. वर्षभर ज्यांना कुणी विचारीत नाही, त्यांना त्या एका पहाटे पाप झाडून टाकण्याचे काम मिळते.

बौद्ध वाङ्मयात जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेला वैद्यकाचे शिक्षण पुरे झाल्यावर गुरूने त्याला सांगितले, की नगराभोवती एक योजनभर फीर आणि जी औषधी नाही अशी एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक फिरफिर फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. गुरूने त्याची विद्या पूर्ण झाल्याचे मान्य केले.

हे सारे वाचून एखादा उदार मनाचा गृहस्थ म्हणेल, की ठरले तर मग! तण असे काही नसतेच. तण हे पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते. निसर्गाच्या घरी सगळी लेकरे सारखी. उच्चनीच आपण ठरवले. हा विचार ऐकायला फार गोड आहे. पण गोड विचार एकदा तरी उन्हात नेऊन पारखून घ्यावा. त्याच्या कसोटीसाठी मी एक अशी वनस्पती निवडतो, की जिच्याबद्दल महाराष्ट्रात चांगले बोलणारा माणूस सापडणे कठीण.

तिचे नाव गाजर गवत. हे नावच मुळी दुहेरी चुकीचे. ते गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, एवढ्यावरून गाजराचे नाव तिला चिकटले. आणि कुणी न पेरता उगवते ते सारे गवत, या हिशेबाने ती गवत झाली. वास्तविक ती झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांच्या कुळातली. मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा मुलूख आणि त्याच्या लगतची उष्ण अमेरिका. तिचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लिनियसने १७५३ साली ते प्रसिद्ध केले. त्याचे ग्रीक तुकडे सोडवले तर पहिल्यात कुमारिका निघते आणि दुसऱ्यात गर्भाशय धारण करणारी! कोणी चटक चांदणी असेही म्हणतात. हिरव्या झुडपावर चुरचुरीत पांढरी फुले विखुरलेली पाहिली की ते नाव सुचणाऱ्याची दृष्टी रसिक होती हे मान्य करावे लागते.

परंतु लोकांच्या तोंडी खरे बसले ते चौथेच नाव : काँग्रेस गवत. १९५५ साली पुण्यात ही वनस्पती दिसून आली, आणि १९५६ साली आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची भारतातील नवी नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ती माळ, पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा यांवरून देशभर पसरली. नावाच्या दोन कथा सांगतात. एक अशी, की शेंड्यावरची पांढरी फुले पांढऱ्या टोपीसारखी दिसतात. दुसरी अशी, की काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेहून पी. एल. ४८० च्या कराराने जो गहू आला, त्यातून तिचे बी आले. दुसरी कथा अधिक रुजली. तिच्यात एक सत्ताधारी पक्ष, एक परकी सत्ता आणि आपली उपासमार अशी तिन्ही पात्रे असल्यामुळे ती सांगताना रंगते.

आता तारखा मांडून पाहू. अमेरिकेचा तो कायदा झाला जुलै १९५४ मध्ये. त्याखालचा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे १९५५ साली पुण्यात फुलून उभ्या असलेल्या रोपाचे बी त्या कराराच्या गव्हातून आले असणे शक्य नाही. अमेरिकेने १९५१ साली कर्जाऊ गहू दिला होता; गव्हावर संशय घ्यायचाच तर त्या आधीच्या गव्हावर घ्यावा लागेल. पण देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत या वनस्पतीचा १८८० साली गोळा केलेला वाळवलेला नमुना आहे. तेव्हा ना काँग्रेसची स्थापना झाली होती, ना पी. एल. ४८० कुणाच्या स्वप्नात होते. नंतरच्या गव्हातून आणखी बी आले नसेलच असे नाही. आणि पुण्याचे रोप त्या जुन्या रोपाच्या वंशातले, असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की नामकरण झाले तेव्हा आरोपपत्र वाचून कुणी पाहिले नव्हते. त्या काळी राज्यावर दुसरा कुठलाही पक्ष असता तर त्याचे नाव या झुडपाला मिळाले असते.

नाव चुकले म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडले ते असे, की नाव मिळताच चौकशी थांबली. कुणी आणले, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मग ते येथे इतके का माजले, हा प्रश्न विचारण्याची निकड उरली नाही. दोषी सापडल्याचे समाधान माणसाला फार लवकर झोप आणते.

या वनस्पतीवरचा पहिला आरोप परकेपणाचा आहे. तो किती टिकतो? दसऱ्याला आणि दिवाळीला दारावर ज्या झेंडूचे तोरण आपण बांधतो, तो झेंडू मेक्सिकोचा. तिकडचे लोक आपल्या पितरांच्या सणाला त्याच फुलांनी वेदी सजवतात. म्हणजे एकाच कुळातली, एकाच देशातून आलेली दोन भावंडे. एकाला आपण उंबऱ्यावर चढवले आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उपटले. फराळाच्या ताटाकडे पाहा. चिवड्यातले शेंगदाणे आणि मिरची, लाडवावरचा काजू, ही सारी अमेरिकेची देणगी. आणि एकादशीला तर कमालच होते. बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबूदाणा करतात तो कंददेखील : आपल्या सर्वांत सोवळ्या ताटातले बहुतेक जिन्नस समुद्रापलीकडून आलेले. सीताफळही अमेरिकेचे, त्याला आपण प्रत्यक्ष सीतामाईचे नाव देऊन घरात घेतले. तेव्हा परकेपणा हा गुन्हा असेल तर आपला देव्हारा आणि आपले स्वयंपाकघर, दोन्ही ठिकाणी पंचनामा करावा लागेल.

उलट बाजूही पाहावी. माधवीलता ही आपली. संस्कृत कवींच्या उपवनांत तिचे मांडव आहेत. तिच्या फुलांच्या सुगंधावर आपण पिढ्यान्पिढ्या लुब्ध आहोत. पण ती मॉरिशस आणि रीयुनियन या बेटांवर गेली आणि तेथल्या रानांतली झाडे तिने अक्षरशः गुदमरवून टाकली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातल्या शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जातींची जी यादी प्रसिद्ध केली, तीत माधवीलतेचे नाव आहे. मॉरिशसमध्ये आपला मराठी समाजही पिढ्यान्पिढ्या नांदतो आहे. उद्या तेथल्या कुणी त्या वेलीला ‘हिंदी वेल’ म्हणून शिवीसारखे हाक मारू लागले, तर आपल्या त्या भावंडांना कसे वाटेल? वेल उपटणे योग्यच. पण तिच्या मूळ गावाचे नाव तिच्या दुष्कृत्याला जोडणे योग्य नव्हे. हे आपल्याला मॉरिशसच्या बाबतीत चटकन पटते. पुण्याच्या बाबतीत पटायला थोडा वेळ लागतो.

येथवर आपला उदार गृहस्थ खुशीत असेल. गाजर गवत बिचारे निर्दोष ठरले, असे त्याला वाटत असेल. येथेच मी त्याचा हात धरून त्याला शेतात नेऊ इच्छितो.

दुसरा आरोप वर्तनाचा आहे, आणि तो पूर्णपणे सिद्ध होणारा आहे. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया धरते. चांगले वाढलेले झाड पंधरा ते पंचवीस हजार. बी रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते, आणि ओल मिळाली तर वर्षाच्या कुठल्याही ऋतूत उगवते. त्याच्या अंगातली द्रव्ये मातीत उतरून शेजारच्या रोपांची उगवण आणि वाढ खुंटवतात. जनावरांच्या तोंडी गेले तर दूध कडवट होते. आणि त्यातले पार्थेनिन नावाचे द्रव्य माणसाच्या कातडीला वैरी होऊ शकते. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा विकार ओळखून त्याविषयी लिहिले, त्यालाही आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. चेहरा, पापण्या, मान, कोपरांच्या खळ्या लाल होतात, खाजतात, कातडी जाड आणि काळवंडलेली होते. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरले की मग त्याला शिवण्याचीही गरज उरत नाही. वाऱ्यावरचे सूक्ष्म कण पुरतात. काहींचा त्रास वर्षानुवर्षे जात नाही. परागांनी शिंका आणि दमा होतो तो निराळाच.

आता विचार करा, हे भोगते कोण? निंदणीचे काम आपल्याकडे बहुतेक बायांच्या वाट्याला येते. खुरपे हातात, पाय चिखलात, आणि वाकलेले तोंड नेमके त्या झुडपाच्या शेंड्याच्या उंचीवर. हातमोजे ही वस्तू मजुरीच्या हिशेबात कुणी धरीत नाही. तण हे केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते, हे वाक्य व्हरांड्यातल्या आरामखुर्चीवर बसून सुचते. जिच्या पापण्या सुजल्या आहेत तिच्या डोळ्यात तण कोणत्या अर्थाने आहे, ते तिला विचारावे. सर्वांना समान लेखण्याचे पुण्य आपण घ्यायचे आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या कातडीने चुकवायची, ही समदृष्टी नव्हे. ती बेफिकिरी आहे. जीवकाच्या गुरूने विचारले होते, की ही वनस्पती कशाच्या उपयोगी पडते. शेतात वाकलेल्या बाईचा प्रश्न निराळा आहे : ही वनस्पती येथे, आज, माझ्या शेजारी उभी राहून काय करते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चांगले आले म्हणून दुसरा रद्द होत नाही.

तेव्हा ते उपटलेच पाहिजे. पण उपटताना त्याला दुष्ट म्हणावे काय? हाच खरा कळीचा प्रश्न आहे. आपल्या मायदेशात हेच झुडूप एक साधे, मर्यादेत राहणारे झुडूप आहे. तेथे त्याची पाने खाणारे, खोड पोखरणारे, बी फस्त करणारे किडे त्याच्याबरोबर वाढलेले आहेत. आपल्याकडे ते आले ते एकटे. त्याला आवर घालणारे सगेसोयरे मागे राहिले. शिवाय त्याने जागा कुठली धरली पाहा. दाट रानाच्या सावलीत ते फारसे शिरत नाही. नव्या रस्त्याची उकरलेली कड, कालव्याचा भराव, भाव चढेल म्हणून पाडून ठेवलेला बिनशेती तुकडा, गुरांनी मातीपर्यंत खरडून टाकलेले गायरान, आगगाडीच्या रुळांचे दोन्ही काठ : जेथे जेथे आपण जमिनीची कातडी सोलली आणि मग पाठ फिरवली, तेथे तेथे ते हजर झाले. गहू आणणाऱ्यावर आपण खटला भरला; पण बिछाना अंथरून ठेवणाऱ्याचे नाव कुठल्याही गवताला मिळाले नाही.

अशा खटल्यात साक्षीदारही लवकरच आरोपी होतो. गाजर गवताला आवर घालण्यासाठी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा आणला आणि नीट पारख करून पुढच्या वर्षी तो सोडला. पावसाळ्यात तो पानांचा फन्ना उडवतो आणि कोरड्या दिवसांत मातीत दडून बसतो. काही वर्षांनी तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली. पुन्हा तोच सूर : परका, घातकी, कुणी आणला? त्याची रीतसर चौकशी झाली, आणि त्याचे खरे अन्न गाजर गवत हेच असल्याचे दिसून आले. यात महत्त्वाची गोष्ट ही, की या वेळी निदान चौकशी झाली. नाव ठेवून मोकळे होण्याऐवजी त्याच्या ताटात काय आहे ते कुणीतरी जाऊन पाहिले.

माणसांच्या बाबतीत आपण याहून फार निराळे वागतो असे नाही. गावात नवे कुटुंब आले, चाळीत नवा भाडेकरू आला, शहरात दूरच्या मुलखातले मजूर आले, की प्रथम आपण त्यांना त्यांच्या मुलखाचे नाव देतो, आणि पुढे त्या नावालाच नावे ठेवू लागतो. त्यांच्यात वाईट वागणारे नसतात असे नव्हे. वाईट वागणाऱ्याला अडवलेच पाहिजे, आणि जो सोसतो आहे त्याच्या बाजूने अडवले पाहिजे. पण अडवायचे ते त्याच्या कृत्यासाठी. त्याच्या गावासाठी नव्हे. झाडाला मन नसते, म्हणून नावाने त्याचे काही बिघडत नाही. माणसाचे बिघडते. आणि नाव ठेवणाऱ्याचे तर दोन्ही ठिकाणी बिघडते. कारण दुसऱ्याला शिवी दिली की स्वतःचा वाटा दिसेनासा होतो.

म्हणून मला त्या दोन निंदण्यांमधले अंतर मोलाचे वाटते. हाताची निंदणी डोळस असते. तिला रोप आणि तण यांतला फरक रोज नव्याने ओळखावा लागतो, मुळापर्यंत वाकावे लागते, आणि पुढच्या पावसात पुन्हा यावे लागते. जिभेच्या निंदेला यांतले काहीच करावे लागत नाही.

जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट या दिवसांत गाजर गवताविषयी जागृतीचा सप्ताह पाळते. त्यांचे सांगणे साधे आहे. फुलावर येण्याआधी उपटा, हात झाकून उपटा, सगळ्यांनी मिळून उपटा. फूल धरण्यापूर्वीचा पाला खड्ड्यात कुजवला तर त्याचे चांगले खत होते. आणि मोकळी झालेली जमीन उघडी ठेवू नका. तिच्यावर गाजर गवताला हटवणारी दुसरी झाडे येऊ द्या. त्या दुसऱ्या झाडांत एक नाव टाकळ्याचे आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगावरून फिरवायचा तोच हा टाकळा, वर्षभर उकिरड्यावर उभा असणारा.

सणाच्या आधी आपण घराचा कानाकोपरा झाडतो, कोळिष्टके काढतो, अंगण सारवतो. आपले झाडणे बहुधा कुंपणाशी थांबते. कुंपणापलीकडचा चार हात जमिनीचा पट्टा कुणाचाच नसतो. तेथली पांढरी फुले पाहून आपण सरकारला, पक्षाला किंवा परदेशाला बोल लावतो आणि आत येतो. पुढल्या श्रावणात, फूल येण्याच्या आधी, एक सकाळ त्या पट्ट्यासाठी राखून ठेवावी. हातात मोजे घालावेत, आणि मदतीला येणाऱ्या बाईलाही आठवणीने द्यावेत. मग त्या झुडपाला कुणी गाजर म्हणो, चांदणी म्हणो, की आणखी काही म्हणो.